नागाचं विष ग्रॅमला दोन लाख? सेंटर काढायच्या आधी हे वाच

पत्र आलंय ते असं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी शिराळा तालुक्यातला, वय २४, बीएस्सी झूलॉजी झालंय, नोकरी नाही. कॉलेजपासून साप पकडतो, गावात सर्पमित्र म्हणून ओळखतात, इन्स्टाला रील पण टाकतो. मागच्या महिन्यात मुंबईच्या एका माणसाचा फोन आला, म्हणाला नागाचं विष काढून दे, ग्रॅमला दोन लाख देतो, औषध कंपनीला लागतं. यूट्यूबवर विष काढायचे व्हिडिओ बघितले, तेवढं अवघड वाटत नाही. घरामागं शेड आहे, तिथंच सेंटर काढू का? लायसन कुठं मिळतं? आणि थोडं थोडं विष अंगात घेतलं की शरीराला सवय होते हे खरं का? आई ऐकायलाच तयार नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना झोपेत मण्यार चावली, आधी देवर्षाकडं नेलं मग दवाखान्यात, बरेच दिवस मशीनवर होत्या, वाचल्या. तेव्हापासून आईचे प्रश्न संपत नाहीत. दोरी बांधायची का नाही, दोन दातांची खूण दिसली तरच विषारी का, आणि सर्पदंशावरची लस टोचल्यावरच माणूस जातो म्हणतात ते खरं का? तिचं पण उत्तर द्या, ती तुमचं वाचते."

अरे बाबा, आधी त्या मुंबईवाल्याचं बोलू. औषध कंपनी विष विकत घेते तेव्हा ती कागदावर घेते, कुठल्या जातीच्या सापाचं, कुठं काढलं, कधी काढलं, कोणाच्या परवानगीनं काढलं, वाळवलं कसं, सगळं त्यात असतं, आणि ते नसेल तर ते विष तिच्यासाठी कचरा असतं कारण तिला पुढं ड्रग खात्याला हिशोब द्यायचा असतो. शेडमध्ये काढलेलं, बरणीत भरलेलं आणि एसटीच्या पार्सलनं आलेलं विष कुठलीच लस कंपनी घेत नाही, हात पण लावत नाही. मी स्वतः लस बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगच्या विभागात नोकरी केलीय, विषाच्या कुप्या कुलपात असायच्या आणि मिलिग्रॅमचा हिशोब रजिस्टरमध्ये लिहायचा असायचा, म्हणून हे ठामपणे सांगते. मग हा फोनवाला कोणासाठी घेतो? एक तर नशेच्या पार्ट्यांच्या धंद्यातला असेल, नाहीतर पेपरात अधूनमधून "कोट्यवधीचं विष जप्त" अशी बातमी येते त्या साखळीतला, जिथं प्रत्येक जण पुढच्याला फसवत असतो आणि शेवटी पोलिसांच्या फोटोत सगळ्यात पुढं उभा असतो तो साप पकडणारा पोरगा. दोन लाख कोणाला मिळालेत मला तरी ऐकून माहीत नाही.

कायदा पण ऐकून घे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप धरणं, पाळणं, त्याच्यापासून काही काढून विकणं हे परवानगीशिवाय गुन्हा आहे. आता त्याच कायद्यात कलम १२ आहे, त्यात जीवरक्षक औषधासाठी सापाचं विष काढायला परवानगी देता येते असं लिहिलंय, पण ती देतात संस्थेला, तपासून, अटी घालून, आणि राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देतो. घरामागच्या शेडला मिळेल हे डोक्यातून काढून टाक. तू तर शिराळ्याचा, तुला काय सांगायचं, नागपंचमीच्या जिवंत नागांच्या मिरवणुकीवर कोर्टानं बंदी घातल्यावर काय काय झालं ते तुझ्या घरच्यांनी बघितलंय, आणि २०२५ ला नुसतं शिक्षणासाठी म्हणून नाग धरायचे तर त्याला पण केंद्राची परवानगी आणावी लागली.

बरं, मग हे काम कायदेशीर कुठंच होत नाही का? होतं ना, आणि फार चांगलं होतं. चेन्नईहून महाबलीपुरमकडं जाताना ईस्ट कोस्ट रोडवर वडनेम्मेली म्हणून गाव आहे, तिथं मगरींचं जे प्रसिद्ध केंद्र आहे त्याच्या आवारात इरुला लोकांची सोसायटी आहे. सोसायटी म्हणजे आपल्याकडं दूध सोसायटी असते तशीच, सभासद, रजिस्टर, सेक्रेटरी, सगळं. इरुला ही तमिळनाडूतली आदिवासी जमात, पिढ्यानपिढ्या साप धरण्यात वाकबगार, पण पूर्वी ते धरायचे कातड्यासाठी. सापाच्या कातडीचे पट्टे, पर्सा परदेशात जायच्या आणि व्यापारी मजेत होता, इरुला मात्र उपाशीच. १९७२ चा कायदा आला, मग कातडीची निर्यात बंद झाली आणि ह्या लोकांचं पोटच गेलं, कारण त्यांना दुसरं काम येत नव्हतं आणि जमीन नव्हती. तेव्हा रॉम्युलस व्हिटेकर नावाचा माणूस, जन्मानं अमेरिकन पण लहानपणापासून इथंच वाढलेला, त्यानं त्यांच्याबरोबर मिळून १९७८ ला ही सोसायटी उभी केली. डोकं असं की साप मारायचा नाही, धरायचा, विष काढायचं आणि परत सोडायचा.

पद्धत कशी आहे ते सांगते, म्हणजे यूट्यूब आणि खरं काम यातला फरक कळेल. धरलेला साप मातीच्या मडक्यात ठेवतात, आत थोडी वाळू, तोंडाला फडकं बांधलेलं, बाहेर खडूनं किंवा पाटीवर नोंद. साधारण तीन-चार आठवडे तो तिथं राहतो, आठवड्याला एकदा असं चारेक वेळा विष काढतात, मग पोटाच्या एका खवल्यावर खूण करून लांब रानात सोडतात. खूण कशासाठी, तर तोच साप लगेच पुन्हा कोणी धरून आणला तर ओळखू यावा. वर्षाला कुठल्या जातीचे किती साप धरायचे याचा कोटा सरकार ठरवतं. नुसतं विष काढणं म्हणशील तर ते दोन मिनिटांचं काम आहे, काचेच्या भांड्याच्या तोंडावर पातळ पडदा ताणलेला असतो, डोकं जबड्यामागं धरून दात त्यातून आत घालायचे आणि ग्रंथीवर हलका दाब, खाली पिवळट थेंब पडतात. नाग-घोणशीचं पिवळं, मण्यारीचं बरंच पांढुरकं. ते लगेच थंडीत वाळवून पावडर करतात कारण ओलं विष टिकत नाही. म्हणजे अवघड भाग काढण्याचा नाहीच, अवघड आहे ते रोज शांत डोक्यानं तेच तेच करणं, न चुकता, कोणी बघत नसताना. त्यात रील करण्यासारखं काही नाही रे.

आणि पैसा? ग्रॅमचा भाव हजारांत असतो, जातीप्रमाणे दहा-वीस-चाळीस हजार असा खालीवर. आता ग्रॅम ऐकायला छोटं वाटतं पण एका ग्रॅमसाठी नाग किंवा घोणस धरलीस तर वाळलेल्या हिशोबानं पाच-दहा साप लागतील, आणि मण्यार किंवा फुरसं म्हणशील तर आकडा शेकड्यात जातो, कारण फुरशातून एका वेळी निघतं ते काही मिलिग्रॅमच. त्यातून सोसायटीचा खर्च, सभासदाला धरलेल्या सापामागं मिळणारे पैसे, वर परवानगी रखडली की वर्षभर काम बंद, असं त्यांच्यावर झालेलं आहे. श्रीमंत कोणी झालं नाही. मान मात्र मिळाला, २०२३ ला वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुला सापवाल्यांना पद्मश्री मिळाली, २०१७ ला हेच दोघं अमेरिकेत फ्लोरिडाला गेले होते, तिथं ब्रह्मदेशी अजगरांनी जंगलाची वाट लावलीय आणि तिथल्या लोकांना ते फारसे सापडत नव्हते, ह्यांनी आठवड्याभरात १३ काढून दिले. शाळेत न गेलेली माणसं. वाळूवरची रेघ, बिळाच्या तोंडावरची माती, टाकलेली कात, विष्ठा, एवढ्यावरून आत कोण आहे आणि कधी गेलाय हे सांगतात. तुला ह्या कामाचा खरंच नाद असेल तर एकदा वडनेम्मेलीला जाऊन ये, लोकांना बघण्यासाठी ते खुलं असतं.

विष निघाल्यावर पुढं काय होतं तेही तुला कळलं पाहिजे, तुझी नोकरी तिकडंच आहे. विषाचा अगदी लहान डोस घोड्याला देतात, मग हळूहळू वाढवत नेतात, काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. मग रक्त काढून वरचं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करतात आणि तांबड्या पेशी बहुतेक ठिकाणी घोड्याला परत देतात. प्लाझ्मावर पेप्सिन नावाच्या पाचकरसाची प्रक्रिया, शुद्धीकरण, गाळणं, उंदरांवर ताकदीची टेस्ट, मग कुपीत भरून थंडीत वाळवणं. आपल्या महाराष्ट्रात हा उद्योग जुना आहे, परळचं हाफकिन तर आहेच, नारायणगाव आणि अंबरनाथ भागातल्या कंपन्या पण लस बनवतात. एका कुपीत १० मिली आणि त्यातल्या एका मिलीनं नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचं ०.६, मण्यारीचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष मारता आलं पाहिजे असं ठरलेलं आहे. आता जरा गणित कर, घोणस एका चाव्यात साठ-सत्तर मिलिग्रॅम सोडू शकते, म्हणून डॉक्टर एक-दोन नाही तर सुरवातीलाच आठ-दहा कुप्या लावतात. नातेवाईक दवाखान्यात भांडतात "एवढी इंजेक्शनं कशाला, बिल वाढवता का" म्हणून, त्यांना हे गणित कोणी सांगत नाही. लहान पोराला पण तेवढ्याच कुप्या, कारण साप काही वय बघून विष कमी सोडत नाही.

तेव्हा तू एमएस्सी कर, झूलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक यातलं काहीही, आणि ह्या कंपन्यांच्या क्वालिटी विभागात, प्राणीशाळेत किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) कार्तिक सुनगर यांची सापाच्या विषावर काम करणारी लॅब आहे तसल्या ठिकाणी प्रोजेक्टवर अर्ज टाक. त्या लॅबनं एक फार मोठी गोष्ट पुढं आणली, की देशभरातल्या लसीसाठी विष मुख्यतः तमिळनाडूच्या सापांचं, पण त्याच जातीच्या सापाचं विष राजस्थानात, बंगालमध्ये, दुसरीकडं वेगळं निघतं, म्हणून काही भागात लस कमी पडते. शिवाय काही सापांना ही लस लागूच होत नाही, आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडा घे, त्याच्यावर आपल्याकडं लसच नाही, सुदैवानं त्याच्या चाव्यानं माणूस सहसा जात नाही एवढंच. ह्यातून पुढं प्रत्येक भागाची वेगळी विषपेढी, वेगळी लस असं काम वाढणार आहे आणि तिथं सापाला हात लावायची भीती नसलेली शिकलेली पोरं लागणार आहेत. तुझ्याकडं दोन्ही आहे, फक्त डिग्री अर्धी आहे.

विष अंगात घेऊन सवय लावायचं? नको. हे वाक्य मोठ्यानं वाच आणि मग पुढं वाच. अमेरिकेत बिल हास्ट नावाचा माणूस होता, मियामीला सर्पालय चालवायचा, तो स्वतःला विष टोचून घ्यायचा, शेकड्यावर वेळा साप चावले आणि तरी शंभर वर्षं जगला, २०११ ला गेला. सगळे त्याचंच उदाहरण देतात. पण त्याची बोटं विषानं वाकडी झाली होती हे कोणी सांगत नाही, आणि असं करताना जे मधेच मेले त्यांच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही. नागाच्या विषाची सवय झाली तरी घोणशीला ती चालत नाही, ती सवय टोचणं थांबवलं की उतरते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विषाशी पुन्हा पुन्हा संबंध आला की काही लोकांना त्याची ॲलर्जी होते. लॅबमध्ये विषाची कोरडी पावडर हाताळणाऱ्यांना हा त्रास होतो, नाक गळणं, शिंका, दमा, म्हणून मास्क आणि बंद कपाट. तसल्या माणसाला पुढच्या वेळी अर्धवट चावा बसला तरी तो विषानं मरायच्या आधी ॲलर्जीनं मरू शकतो.

आता माउलीकडं येते. वहिनी, तुमचे प्रश्न तुमच्या पोराच्या प्रश्नांपेक्षा जास्त कामाचे आहेत, रागावू नका दोघंही.

दोरी बांधायची नाही. करकचून तर नाहीच. घोणस आणि नागाच्या चाव्यात त्या जागेचं मांस आधीच सडायला लागतं, वर दोरीनं रक्त तोडलं की हात किंवा पाय कापायची वेळ येते, आणि विष थांबतच नाही. पण कोणी आधीच बांधून आणलं असेल तर घरीच घाईघाईनं सोडू पण नका, एकदम सोडलं की साठलेलं विष एका दमात वर जातं, दवाखान्यात सलाईन लागल्यावर डॉक्टर हळूहळू सोडतील. ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, हळद-चुना-बर्फ-रॉकेल काही लावायचं नाही, करंट द्यायचा तर अजिबात नाही, हे अजून पण काही गावात करतात. करायचं एवढंच, माणसाला खाली झोपवा, चालू देऊ नका, बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा कारण सूज आली की मग कापून काढावं लागतं, चावलेला हात किंवा पाय फळी नाहीतर काठी लावून फडक्यानं सैल बांधा, मोडलेलं हाड बांधतो तसं, म्हणजे हलणार नाही. १०८ ला फोन. १०८ ला वेळ लागणार असेल तर कोणाचीही जीप, पिकअप, आणि काहीच नसेल तर मोटरसायकलवर पेशंटला मधे घट्ट धरून दोघांनी न्यायचं. उलटी होत असेल किंवा मान टाकत असेल तर कुशीवर करा. चावल्याची वेळ आठवून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. त्या भानगडीत दुसऱ्याला चावतो आणि वेळ जातो तो वेगळा. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही तर सोडून द्या, आपली लस चारही सापांवर एकच आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि डॉक्टर साप बघून नाही तर लक्षणं बघून देतात. कोऱ्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर समजायचं घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष आहे, एवढी साधी टेस्ट, कुठल्याही पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, होते. ही वीस मिनिटं नातेवाईकांना फार जड जातात, "नुसतं बसवून ठेवलंय" वाटतं, पण ते काम चालू असतं.

दोन दातांच्या खुणेवर अजिबात विसंबू नका. तुमच्या शेजारच्या काकूंचंच बघा, मण्यार चावली की बऱ्याचदा खूणच दिसत नाही, सूज नाही, दुखत पण नाही, माणूस म्हणतो मुंगी चावली असेल आणि परत झोपतो. मग पहाटे पोटात मुरडा, घशाशी गोळा, डोळ्याच्या पापण्या उघडत नाहीत, बोलणं जड, आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देत बसतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी असं काही झालं तर साप बघितला असो नसो, पहिला संशय मण्यारीचा घ्यायचा. तिचं विष नसांच्या टोकालाच नासवतं, एकदा ते झालं की लस दिली तरी आधीचं नुकसान भरून यायला दिवस जातात, तोपर्यंत श्वास मशीननं द्यायचा. म्हणून काकू इतके दिवस मशीनवर होत्या, लस चालली नाही म्हणून नाही. आधी देवर्षाकडं गेलेला वेळ वाचला असता तर कदाचित मशीन कमी लागलं असतं. उलट बाजूनं पण सांगते, खूण नीट दिसते, घाबरगुंडी उडालेली असते आणि साप असतो कवड्या, जो मण्यारीसारखा दिसतो पण बिनविषारी, किंवा डुरक्या घोणस, किंवा दिवड, हे पण बिनविषारीच. विषारी साप चावून पण कधी कधी विष सोडत नाही. देवर्षाचं नाव मोठं होतं ते ह्याच सगळ्यांवर, जे तसेही वाचणारच होते. मिरची खायला देतो, तिखट लागली नाही तर विष चढलंय म्हणतो, मग मंत्र, मग उतरलं. पण डॉक्टर चोवीस तास ठेवून घेतात ते ह्यासाठीच, की कोरडा चावा आहे का खरा हे कळायला वेळ लागतो.

लस टोचल्यावर माणूस जातो का? हा प्रश्न तुम्ही विचारला हे बरं केलं, कारण ही भीती पूर्ण खोटी नाही आणि नुसतं "अफवा आहे" म्हणून उडवून लावलं तर लोक ऐकत नाहीत. लस घोड्याच्या रक्तापासून केलेली, म्हणून बऱ्याच पेशंटना रिॲक्शन येते, अंगावर गांधी, खाज, थंडी वाजून ताप, उलटी, आणि काहींना बीपी एकदम खाली जातं, श्वास अडकतो. हे बघून नातेवाईक म्हणतात बघा इंजेक्शननं बिघडलं. पण त्याच्यावर अॅड्रेनलिन आहे, डॉक्टर ते आधीच भरून ठेवतात, रिॲक्शन आली की सलाईन थांबवायचं, अॅड्रेनलिन द्यायचं आणि उतरली की लस परत चालू करायची. परत चालू करायची, हे महत्त्वाचं, तेव्हा "नको नको, आता बंद करा" असा हट्ट धरू नका. आठ-पंधरा दिवसांनी ताप आणि सांधे दुखले तर ते पण लसीचंच असतं, घाबरायचं नाही, दाखवायचं. लस कायम शिरेतून, सलाईनमधून जाते. कोणी दवाखानेवाला जखमेभोवती टोचून एका कुपीत घरी पाठवत असेल तर तिथून निघा. आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट असते, तेव्हा रात्री खासगीच्या दारात डिपॉझिटसाठी थांबू नका.

मेलेल्यांचा आकडा पण सांगून ठेवते, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात निघाला, वर्षाला ५८ हजार, त्यातली बहुतेक घरी, दवाखाना न बघता, निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. इतकं मोठं मरण असून कित्येक वर्षं त्याच्याकडं कोणी रोग म्हणून बघितलंच नाही, कारण मरतो तो शेतकरी, शेतमजूर. २०२४ ला केंद्रानं राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून, आणि राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची प्रत्येक केस सरकारला कळवायची. आता कळवायला पेशंट दवाखान्यात तर गेला पाहिजे. अजून एक व्यवहाराची गोष्ट, जी देवर्षाकडं जाणारा कोणी विचारात घेत नाही, शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात, पण त्याला दवाखान्याचे, पोस्टमॉर्टेमचे कागद लागतात. देवर्षी कागद देत नाही.

घरात काय करायचं ते थोडक्यात, पावसाळ्यात जमिनीवर झोपणं बंद, खाट नसेल तर मच्छरदाणी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या, ह्यानं मण्यार खरंच बाहेर राहते. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट. सरपण, कडबा, विटांचा ढीग यात नुसता हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवा. धान्याच्या कणगीजवळ उंदीर असले की साप येणारच, तेव्हा उंदरांचा बंदोबस्त हाच सापाचा बंदोबस्त. फोटो काढून साप डूख धरतो, बदला घेतो, नागिणीच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो असतो, असलं काही नसतं, आणि दूध साप पीत नाही, तहानेनं व्याकूळ ठेवलेला असेल तर पाणी समजून दोन घोट घेतो आणि त्यानं पुढं आजारी पडतो.

तर पोरा, तू गावात राहून ह्या पावसाळ्यात करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला लायसन लागत नाही. तुमच्या पीएचसीत आणि ग्रामीण रुग्णालयात लस किती आहे, रात्री डॉक्टर असतो का, व्हेंटिलेटर जवळात जवळ कुठं आहे, हे आत्ताच जाऊन विचार आणि लिहून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लाव. गावातल्या चार गाडीवाल्यांचे नंबर घे, जे रात्री दोनला पण उठतील. तुझ्या इन्स्टावर नागाच्या फण्यापुढं बसायचं सोड आणि कवड्या आणि मण्यार शेजारी शेजारी दाखव, पट्टे कुठून सुरू होतात ते दाखव, लोक ते पण बघतील. साप धरायचाच तर हूक, नळी आणि पिशवीनं, हातानं नाही, एकट्यानं नाही, आणि वनखात्याची परवानगी घेऊनच. गळ्यात घालायचा नाही, चुंबन घ्यायचं नाही, तुझ्यासारखी चांगली चांगली पोरं दर वर्षी ह्याच एका फोटोपायी जातात. एमएस्सीचे फॉर्म कधी निघतात ते शिवाजी विद्यापीठाच्या साइटवर बघत राहा.

आणि त्या मुंबईवाल्याचा नंबर डिलीट करू नकोस, सेव्ह करून ठेव, मेसेज असतील तर स्क्रीनशॉट काढ आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करून दे. तो तुझ्यानंतर पुढच्या गावातल्या पोराला फोन करणारच आहे.